आईबाबांचा एक नीट फोटो : स्टुडिओतला प्रकाश कसा लावायचा आणि कसा मोजायचा

पांढुर्णा / सौंसर : घरात कोणी म्हातारं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा नाहीतर जावई फोटो स्टुडिओच्या काउंटरवर येऊन उभा राहतो. हातात आधार कार्ड असतं. "भाऊ, याच्यातलाच मोठा करून द्या. दुसरा फोटोच नाही." मग तो नखाएवढा, घाईत काढलेला, डोळे अर्धे मिटलेला चेहरा फ्रेममध्ये जातो, त्याला हार चढतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं घरातली नातवंडं आजोबांना त्याच चेहऱ्याने ओळखतात.

आमच्याही घरी हेच झालं. माझ्या वडिलांचा भिंतीवरचा फोटो एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला आहे. डावा गाल ट्यूबलाइटने निळसर, उजवा हॅलोजनने पिवळा, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात. हात कापता आला, गालाचे रंग नाही जुळले. २०२१ साली 'फोटो प्रेम' नावाचा मराठी चित्रपट आला होता, नीना कुलकर्णी त्यात होत्या. आपला एकही धड फोटो नाही, आपण गेल्यावर लोकांना आपण कशा आठवणार, या काळजीने घेरलेल्या बाईची ती गोष्ट. पाहताना हसू आलं, पण घरी येऊन भिंतीकडे पाहिलं तेव्हा नाही आलं.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा किंवा सीमेपलीकडे सावनेर, काटोल, वरूडला छोटा स्टुडिओ चालवणारे, ज्यांच्याकडे कॅमेरा चांगला आहे पण दोन छत्र्या ज्या जागी पहिल्या दिवशी उभ्या केल्या त्या आजही तिथेच आहेत. दुसरे, ज्यांना आईबाबांचा फोटो काढून घ्यायचा आहे आणि फोटोवाल्याला नेमकं काय सांगायचं ते कळत नाही. कॅमेरा कोणता घ्यावा, हा विषय इथे नाही. चेहरा बिघडतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, प्रकाश न मोजल्यामुळे.

आधी खोली

आपल्याकडचा स्टुडिओ म्हणजे साधारण दहा बाय बारा फुटांचा गाळा. मागे पांढरी भिंत, बाजूची भिंत गुलाबी नाहीतर पोपटी, वर दोन ट्यूबलाइट. रंगीत भिंतीवर फ्लॅशचा उजेड आपटतो आणि तोच रंग घेऊन गालावर येतो. पोपटी भिंतीजवळ बसवलेला माणूस आजारी दिसतो तो यामुळे. भिंती पांढऱ्या किंवा करड्या करून घ्या, नाहीतर बाजूला पडदा सोडा.

दुसरं म्हणजे ट्यूबलाइट. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. घरातली 'कूल डे-लाइट' ट्यूब ६५०० च्या आसपास, निळसर. पिवळा बल्ब २७०० ते ३०००. हे तिन्ही एकत्र चेहऱ्यावर पडले की कॅमेऱ्याला नेमका कोणता रंग पांढरा मानायचा तेच कळत नाही. याची परीक्षा सोपी आहे. आयएसओ १००, शटर १/१२५, अॅपर्चर एफ ८ ठेवा, फ्लॅश बंद करा आणि एक फोटो काढा. फोटो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे खोलीतला उजेड फोटोत शिरत नाही, आता जे दिसेल ते फक्त तुमच्या फ्लॅशचं. त्यात काही दिसत असेल तर एक ट्यूब बंद करा.

इथेच शटरचा घोळ मिटवून टाकू. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की शटर १/६० असो की १/१६०, फ्लॅशचा उजेड तेवढाच येतो. शटर फक्त खोलीतला बाकीचा उजेड कमी-जास्त करतं. मात्र ठरावीक मर्यादेच्या वर गेलात, बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते, की फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. म्हणून १/१२५ वर ठेवा आणि विसरून जा. फ्लॅशचा उजेड बदलायचा असेल तर चारच गोष्टी आहेत : फ्लॅशची ताकद, त्याचं अंतर, अॅपर्चर आणि आयएसओ.

एका दिव्याने सुरुवात करा

दोन छत्र्या डाव्या-उजव्या बाजूला, सारख्या उंचीवर, सारख्या ताकदीने. ही मांडणी पासपोर्ट फोटोसाठी ठीक आहे, कारण तिथे सावली नकोच असते. पण याच मांडणीत आजीचा फोटो काढलात तर चेहरा ताटलीसारखा सपाट येतो. नाक आहे, गाल आहे, हनुवटी आहे, हे सावलीमुळे कळतं. सावली सगळीच पुसली तर माणूसही थोडा पुसला जातो.

एक छत्री बंद करा. दुसरी माणसाच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला न्या आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर चढवा, इतकी की उजेड वरून तिरपा उतरेल. आता माणसाच्या नाकाची सावली बघा. ती खाली आणि थोडी बाजूला, ओठाच्या कोपऱ्याकडे जायला हवी. सावली सरळ गालावर आडवी पडत असेल तर दिवा फार खाली आहे. डोळ्यांच्या खोबणी काळ्या झाल्या असतील तर फार वर आहे. म्हाताऱ्या माणसांचे डोळे खोल गेलेले असतात, त्यांच्यासाठी दिवा थोडा खालीच बरा.

दिवा आणखी बाजूला नेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मिशाळ, सुरकुतलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याला ती शोभते. नवऱ्या मुलीला मात्र तिची सासू नापसंत करेल.

मऊ उजेड आणि कडक उजेड यातला फरक दिव्याच्या किमतीत नसतो. माणसाच्या जागेवरून दिवा किती मोठा दिसतो, त्यावर तो ठरतो. सूर्य प्रचंड आहे पण इतका लांब की आपल्याला तो टिकलीएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली सुरीसारखी. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. म्हणून तीन फुटांची छत्री माणसापासून आठ फुटांवर ठेवून उपयोग नाही. तीन-चार फुटांवर आणा, फ्रेममध्ये जेमतेम दिसणार नाही इतकी जवळ.

अंधाऱ्या बाजूला दुसरा फ्लॅश लावण्याआधी पांढरा बोर्ड धरून पाहा. पूर्वी यासाठी थर्माकोल वापरायचे. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. आता फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचा तुकडा मागा, तीन बाय दोन फुटांचा. तोही नसेल तर स्वच्छ पांढरं धोतर दोरीवर टाका, धोतराने काम अडत नाही.

अंतराचा हिशेब

मी कॉमर्सवाला. बारावीनंतर फिजिक्सचं पुस्तक हातात धरलं नाही. पण हा एक नियम व्याजाच्या गणितासारखा आहे, म्हणून डोक्यात बसला. दिव्याचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. अंतर तिप्पट झालं तर नववा हिस्सा. याला व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात.

आता एफच्या आकड्यांची शिडी पाठ करा : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला एक स्टॉप म्हणतात. एक पायरी वर गेलं की कॅमेऱ्यात निम्मा उजेड शिरतो. पाव उजेड म्हणजे दोन पायऱ्या. दिवा तीन फुटांवर असताना एफ ११ वर फोटो बरोबर येत असेल, तर सहा फुटांवर नेल्यावर एफ ५.६ लागेल.

याचा खरा उपयोग बॅकग्राउंडला होतो. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आहे आणि भिंत माणसाच्या मागे तीन फूट. म्हणजे भिंत दिव्यापासून सहा फुटांवर, तिला पाव उजेड मिळतो. म्हणून पांढरी भिंत फोटोत करडी येते आणि ग्राहक म्हणतो, पडदा मळका आहे. पडदा मळका नाही, अंतर कमी पडतंय. तोच दिवा चेहऱ्यापासून आठ फुटांवर नेला तर भिंत अकरा फुटांवर येते आणि फरक एका स्टॉपहूनही कमी राहतो. भिंत पांढरीच हवी असेल तर दिवा लांब न्या किंवा भिंतीवर वेगळा दिवा सोडा. भिंत गडद हवी असेल, आणि आजोबांच्या फोटोला ती बरी दिसते, तर दिवा जवळ आणा आणि माणसाला भिंतीपासून पुढे ओढा. पडदा विकत घ्यायची गरज नाही.

जोडप्याच्या फोटोतही हेच आहे. दिवा बायकोच्या बाजूला दोन फुटांवर, नवरा त्याच्या पलीकडे तीन फुटांवर. बायकोला नवऱ्याच्या सव्वादोन पट उजेड. तिचा चेहरा चुन्यासारखा आणि त्याचा सावळा आला की दोष दिला जातो मेकअपला. दिवा सहा फुटांवर न्या, दोघांच्या अंतरात एकच फुटाचा फरक राहील आणि उजेडात अर्ध्या स्टॉपहूनही कमी.

कॅमेऱ्याचं मीटर फसतं कुठे

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट आता येते.

कॅमेऱ्यातलं मीटर माणसाच्या अंगावर आपटून परत आलेला उजेड मोजतं. समोर काय आहे, ते त्याला कळत नाही. ते एकच गोष्ट धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे. त्यामुळे पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि मागे पांढरी भिंत असलेला माणूस दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला. ते फोटो गडद करतं. पांढरं करडं होतं आणि आधीच उन्हाने रापलेला चेहरा काळा पडतो. उलट काळा कोट आणि काळा पडदा असेल तर मीटरला वाटतं अंधार आहे, ते उजेड वाढवतं आणि चेहरा फटफटीत होतो. फ्लॅशच्या टीटीएल पद्धतीतही हाच धोका आहे, कारण तीही परत आलेलाच उजेड मोजते. आणि साध्या मॅन्युअल स्टुडिओ फ्लॅशच्या वेळी तर कॅमेऱ्याचं मीटर पूर्ण आंधळं असतं. फ्लॅश उडतो बटण दाबल्यावर, मीटर पाहतं त्याच्या आधी. स्क्रीनवर 'कमी उजेड' दाखवत राहील, लक्ष देऊ नका.

यावरचा उपाय म्हणजे माणसावर पडणारा उजेड मोजणं. हातात धरायच्या लाइट मीटरवर पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूसारखा पांढरा घुमट असतो. अमेरिकेतल्या डॉन नॉरवूड यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना आणली. चेहरा जसा गोल, तसाच मीटरचा डोळाही गोल ठेवला, म्हणजे समोरून, वरून, बाजूने येणारा उजेड तो चेहऱ्यासारखाच झेलतो. माणूस गोरा आहे की काळा, टोपी पांढरी आहे की भगवी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

रीडिंग घ्यायची रीत अशी. मीटर फ्लॅशच्या मोडवर टाका. त्यात आयएसओ १०० आणि शटर १/१२५ भरा. मीटर माणसाच्या हनुवटीखाली, अगदी चेहऱ्याजवळ धरा. घुमटाचं तोंड कॅमेऱ्याकडे. तुमची स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका. ट्रिगर दाबून फ्लॅश उडवा. समजा आकडा आला ५.६. तुम्हाला ८ वर काढायचा आहे, कारण एफ ८ वर नाकापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एक पायरी कमी पडली. फ्लॅश १/८ ताकदीवर असेल तर १/४ वर न्या. ताकदीच्या या पायऱ्याही दुपटीच्याच आहेत, म्हणून एक पायरी म्हणजे बरोबर एक स्टॉप. पुन्हा मोजा. सेकॉनिकसारख्या मीटरवर मोठ्या आकड्याशेजारी एक छोटा आकडा दिसतो, तो स्टॉपचा दहावा हिस्सा. ८ च्या बाजूला छोटा ५ म्हणजे ८ आणि ११ च्या मधोमध.

दोन दिवे असतील तर त्यांचं आपसातलं प्रमाणही मोजता येतं. मुख्य दिवा एकटा चालू ठेवा, घुमट त्या दिव्याकडे वळवा, आकडा लिहून घ्या. मग तो बंद करून भरणीचा दिवा, जो कॅमेऱ्याजवळ उभा आहे, तेवढाच मोजा. मुख्य ८ आणि भरणीचा ५.६ आला असं धरू. इथे पुन्हा वहीखात्याचा हिशेब करा. भरणीचा दिवा सगळ्या चेहऱ्याला एक-एक रुपया देतो. मुख्य दिवा एक स्टॉप जास्त आहे, म्हणजे तो दोन रुपये देतो, पण फक्त उजेडातल्या गालाला. उजेडातल्या गालाकडे झाले तीन, अंधाऱ्या गालाकडे एकच. तीनास एक. घरात लावायच्या फोटोला हे प्रमाण सांभाळून आहे, सावली दिसते पण डोळा हरवत नाही. दोन स्टॉपचा फरक ठेवलात तर चार अधिक एक, पाचास एक. ते नाटकाच्या पोस्टरला ठीक. शेवटी दोन्ही दिवे लावून, घुमट कॅमेऱ्याकडे करून एक रीडिंग घ्या आणि कॅमेऱ्यावर तोच आकडा ठेवा. इतरांच्या बेरीज-वजाबाकीवर जाऊ नका, मीटरचं ऐका.

मीटर नसेल तर? बहुतेक छोट्या स्टुडिओत नसतंच. मोबाइलवरची मोफत अॅप खिडकीच्या किंवा एलईडीच्या उजेडाला चालतात, फ्लॅश त्यांना पकडता येत नाही. मग दोन रस्ते. पहिला म्हणजे फ्लॅशचा गाइड नंबर. तो अंतराने भागला की अॅपर्चर मिळतं. मीटरमध्ये ३२ असेल आणि दिवा दोन मीटरवर असेल तर एफ १६. पण कंपनी हा आकडा उघड्या फ्लॅशचा आणि बहुधा पूर्ण झूमचा देते. पुढे छत्री किंवा सॉफ्टबॉक्स आला की एक ते दोन स्टॉप सहज खाल्ले जातात, तेव्हा एफ ८ पासून चाचणी सुरू करा. दुसरा रस्ता म्हणजे कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम आणि लुकलुकणारा इशारा. कपाळ किंवा गाल लुकलुकला तर उजेड जास्त झाला, तिथली कातडी फोटोत उरलीच नाही, नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ती परत येत नाही. नथीचा मोती किंवा सदऱ्याची घडी लुकलुकली तर चिंता नको. एकदा बरोबर जमलं की फरशीवर चिकटपट्टीने खुणा करा. खुर्ची कुठे, स्टँड कुठे, कॅमेरा कुठे. दिव्यापासून खुर्चीपर्यंत सुतळी बांधून ठेवणाराही मीटरवाल्याच्या फार मागे राहत नाही.

"पोरीले जरा गोरी करून द्या"

हे वाक्य सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतं, हिंदीतही आणि आपल्या बोलीतही. स्थळाला पाठवायचा फोटो असला की हमखास. आणि फोटोवाला एक स्लायडर ओढून देतो. मग चेहरा गोरा, मान सावळी, हात आणखी वेगळे.

रंगाची ही गडबड आपल्याकडेच सुरू झाली असं नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबला एका गोऱ्या मॉडेलचं छापील कार्ड देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या गोरीचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर लागलं असं धरायचे. बाकी जगातल्या कातड्या त्या मापात बसल्या तर बसल्या. सर्व वर्णांच्या माणसांची कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे कित्येक वर्षं आपले सावळे आजी-आजोबा कोणा परदेशी बाईच्या मापाने छापले गेले.

सावळ्या चेहऱ्याला जास्त उजेड 'मारायची' गरज नाही. घुमटाने मोजून तोच एफ नंबर ठेवलात तर गव्हाळ गव्हाळ येतो आणि काळा काळा, पण चिखलासारखा नाही, तुकतुकीत. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं, गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर. ही चमक मऊ आणि मोठी हवी, म्हणून दिवा मोठा आणि जवळ. छोटा उघडा फ्लॅश मारला की तीच चमक तेलाच्या डागासारखी दिसते. आधी चेहरा कोरड्या रुमालाने टिपून घ्या, चोळू नका.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांची आणखी एक गंमत आहे. संत्र्याच्या बागेत वर्षानुवर्षं टोपी घालून राबलेल्या माणसाची टोपी काढली की कपाळावर सरळ रेघ असते, वर गोरं आणि खाली रापलेलं. काही फोटोवाले 'नीट दिसावं' म्हणून टोपी काढायला लावतात. घालूच द्या. घरातल्यांनी त्यांना टोपीतच पाहिलेलं असतं.

कॅमेऱ्याचा पांढरा रंग 'ऑटो'वर सोडू नका. माणसाच्या हातात करडं कार्ड देऊन एक फोटो काढा आणि त्यावरून रंग ठरवा. भरजरी शालू नेसलेल्या बाईच्या फोटोत ऑटो हमखास फसतं. साडीचा जांभळा कमी करायच्या नादात ते गाल हिरवट करून ठेवतं.

चष्मा, दागिने आणि फॉर्मचा फोटो

चष्म्यात छत्री दिसते कारण उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. दिवा थोडा वर चढवा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला म्हणजे काच खाली झुकते. चष्मा काढायला लावू नका, नातू ओळखणार नाही. पासपोर्टचं तेवढं वेगळं, तिथे चष्मा काढावाच लागतो.

फॉर्मच्या फोटोला, मग तो भोपाळच्या परीक्षेचा असो की नागपूरच्या कॉलेजचा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, दोन्ही कान दिसणारे, मागे सावली नाही, एवढंच लागतं. पासपोर्टचा आकार ३५ बाय ४५ मिलिमीटर. मागची सावली घालवायची तर माणसाला भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसवा. भिंतीला टेकवून बसवलं की सावली कितीही दिव्यांनी जात नाही.

एलईडी पॅनलवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

विजेचंही सांगून ठेवतो. व्होल्टेज खाली गेलं की फ्लॅश भरायला वेळ लागतो. लाइट पूर्ण लागायच्या आत दुसरा फोटो काढला तर तो गडद येतो आणि वाटतं रीडिंग चुकलं. बीपची वाट पाहा. साध्या इन्व्हर्टरवर स्टुडिओ फ्लॅश चालवण्यापूर्वी कंपनीची सूचना वाचा, बहुतेकांना शुद्ध साइन वेव्ह लागते. जुना फ्लॅश वायरने डिजिटल कॅमेऱ्याला जोडू नका, काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या वर असतं, कॅमेरा जातो. रेडिओ ट्रिगर वापरा. आणि बंद पडलेला फ्लॅश घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर भरलेला असतो, तो जीव घेऊ शकतो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा, लहान मुलं छत्रीला लोंबकळतातच.

शिकायचं कुठून

चांगले फोटो बघून. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे मराठी माणसाला माहीत असलेलं पोर्ट्रेट फोटोग्राफीतलं सर्वात मोठं नाव, त्यांचं 'चेहरे' हे पुस्तक कुठे मिळालं तर जरूर चाळा. चाळताना माणसाचं नाव झाका आणि डोळ्याच्या बुबुळात बघा. तिथे पांढरा ठिपका असतो. तो दिव्याचा आरसा आहे. चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स किंवा खिडकी, गोल असेल तर छत्री. घड्याळाच्या दहाच्या जागी असेल तर दिवा डावीकडे वर होता. दोन ठिपके असतील तर दोन दिवे. ठिपकाच नसेल तर तो डोळा मेल्यासारखा दिसतो, आधार कार्डावर दिसतो तसा. वर्तमानपत्रातल्या, लग्नाच्या बॅनरवरच्या, निवडणुकीच्या फ्लेक्सवरच्या कोणत्याही फोटोवर हा अभ्यास फुकटात होतो.

आई स्टुडिओत येत नसेल तर

गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, "आता काय माह्ये फोटो काढता" असं म्हणते. मग घरीच काढा. फ्लॅश लागत नाही. जिथे ऊन थेट येत नाही अशी खिडकी किंवा दार शोधा, उत्तरेकडचं सर्वात बरं, तिथला उजेड दिवसभर फार बदलत नाही. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओ उत्तरेच्या काचेवरच चालायचे. खोलीतल्या सगळ्या ट्यूब बंद करा. आईला दारापासून तीन-चार फुटांवर खुर्चीत बसवा, खिडकी तिच्या एका बाजूला आणि थोडी पुढे. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायला नातवाला उभं करा.

इथे उजेड सतत असतो, म्हणून कॅमेऱ्याचं मीटर चालतं, फक्त त्याला साडी किंवा भिंत दाखवू नका. स्पॉट मीटरिंग लावा, आईच्या चेहऱ्याजवळ त्याच उजेडात आपला तळहात धरा आणि तळहात मोजा. माणूस कितीही सावळा असो, तळहात बहुतेकांचे सारखेच उजळ असतात, मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त. म्हणून मीटर जे सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप उजेड वाढवून घ्या. १/१२५ सांगितलं तर १/६०. एवढ्या शटरवर हात हलतो, कॅमेरा टेबलावर किंवा ट्रायपॉडवर ठेवा. मोबाइल असेल तर बोट तिच्या गालावर दाबून धरा म्हणजे उजेड तिथे अडकतो, आणि 'ब्यूटी' बंद करा. सुरकुत्या राहू द्या.

पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी गोटमारीला पुणे, नागपूर, भोपाळला गेलेली पोरं घरी येतात. गावात जाम नदीच्या काठावर गर्दी असते, घरात मात्र दुपारी सगळे सापडतात. फोटो काढून झाला की फाइल फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होऊ नका, ती तिथे दाबली जाते आणि मोठी करताना फाटते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, एक प्रत आठ बाय दहा इंचात छापून घ्या, आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. बॉलपेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते.